नोंदवहीतला शब्द

पासाऊच्या नगरसभेचा मी कारकून, वेंडेलिन.
ऐकायचं, आणि ऐकलेल्यातलं थोडं लिहायचं,
एवढंच माझं काम.

त्या मंगळवारी तलवारकारांच्या संघानं फिर्याद आणली:
विधवा आपोलोनिया, सुरीकारांच्या संघातली,
तलवारी घडवते
आणि सुऱ्या म्हणून विकते.

पुरावा टेबलावर ठेवला
तेव्हा माझी दौत बाजूला सरकवावी लागली.
कुणीतरी म्हणालं, या सुरीनं चिरायचा
तो कांदा केवढा असेल?
सगळे हसले. मीही हसलो.

तिनं मूठ आमच्याकडे वळवली.
लांबी काय मोजता, लांबी दोरीलाही असते.
पात्याचा देठ मुठीत कसा शिरतो ते बघा.
यांच्या तलवारीचा देठ निमुळता,
लाकडाच्या पोटातून गुपचूप जाणारा,
वर चामडं, चामड्यावर तार,
शेवटी लोखंडी बोंड ठोकून तोंड बंद.
आत काय आहे ते घडवणारा जाणे.
माझा देठ रुंद.
अल्याड पल्याड अक्रोडाच्या दोन फळ्या,
तीन खिळे आरपार.
कडेनं बघितलं की पोलाद दिसतं,
लपवलेलं काही नाही.
आणि धार एकाच अंगाला.
दुसऱ्या अंगाला पाठ आहे,
पाठीवर अंगठा टेकता येतो.

तलवारकारांचा म्होरक्या ऊट्झ उठला.
पाणी कुठल्या नदीचं दिलंस?
इनचं. तुम्ही भरता त्याच घाटावरून.
आमच्या पात्यावर लांडगा असतो, तो म्हणाला.
असू दे, ती म्हणाली,
कोरलेला लांडगा चावत नाही,
चावते ती धार.

हे बोलायला नको होतं तिनं.
कारण मग न्हाव्याला पुढं बोलावलं,
जो दाढ्या करतो, दात उपटतो
आणि मेलेल्यांच्या जखमा मोजतो.

जत्रेच्या रात्री मिठाच्या नावेवरचा किलियान पडला
तो याच पात्यानं.
तलवार असेल तर विकणारीला दंड,
जत्रेत तलवार न्यायला बंदी आहे.
सुरी असेल तर
सुरी काय, प्रत्येकाच्या कमरेला असते.

न्हावी बराच वेळ टोपी चुरगाळत राहिला.
म्हणाला, मी आत चार बोटं घातली.
खोल होतं.
एका बाजूनं चिरलेलं, दुसऱ्या बाजूनं फाटलेलं.
म्हणजे पाठ होती, ऊट्झच कुजबुजला,
आणि आपण कुणाची बाजू घेतली हे कळून
खाली बसला.

मागच्या बाकावर किलियानची बायको.
मिठानं भेगाळलेले हात मांडीवर.
तिला कुणी काही विचारलं नाही.
तिनं एकदाच मान वर केली,
आपोलोनिया खिळ्यांवरून बोट फिरवत होती तेव्हा.
दोघी विधवा.
एकीनं दुसरीकडे पाहिलं नाही,
किंवा पाहिलं असेल,
मी लिहीत होतो.

निकाल लागला: सुरी.

पंचाईत अशी की मी घाईनं
आधीच तलवार लिहून बसलो होतो.
कागद असता तर खोडलं असतं.
आमची नोंदवही वासराच्या कातड्याची,
चूक झाली की खरवडायची.

सगळे गेल्यावर लेखणीची सुरी काढली.
करंगळीएवढी. तिलाही दोन फळ्या,
जागा नाही म्हणून खिळा एकच.
पाठीवर अंगठा टेकवून
एकेक अक्षर सोलत गेलो.
तलवार जायला वेळ लागला.
शाई आतवर मुरली होती.

आता तिथं कातडं पातळ झालंय.
पान खिडकीशी धरलं
की पलीकडचं माझं बोट दिसतं.
त्यावरच नवा शब्द लिहिला.
जरासा फुटलाय,
पण वाचता येतो.